छोट्या शिडाच्या बोटीवर डिंगी न्यायची कशी?

२६ फुटी बोट, माणसं दोन, प्रवास किनाऱ्याकिनाऱ्याने, आणि डिंगी, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी, मागे डेव्हिट्सवर (बोटीमागे बाहेर आलेल्या, होडी टांगायच्या दोन दांड्यांवर) टांगावी असं तुमच्या मनात आहे. माझं मत विचाराल तर डेव्हिट्स नकोत. एवढ्या बोटीची मागची बाजू अरुंद असते, त्यामुळे डिंगी दोन्हीकडून बाहेर येते. सगळं वजन अगदी टोकाला लोंबकळतं. मागून मोठी लाट आली तर डिंगीत पाणी भरतं. पावसाचं पाणी साचलं तरी तेच: शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. टांगायचीच असेल, तर तळाचं बूच काढून ठेवा.

बहुतेक जण डिंगी मागे ओढत नेतात, आणि शांत, आडोशाच्या पाण्यात छोट्या पल्ल्याला त्यात काही वावगं नाही. अर्धा नॉट वेग जातो, तो जाऊ द्या. पण इंजिन, वल्ही, इंधनाची टाकी आधी बोटीवर घ्या. दोर पाण्यावर तरंगणारा हवा, आणि नांगर टाकताना किंवा बोट मागे घेताना तो आखडून घ्यायचं काम एकाकडे ठरवून द्या. बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात दोर अडकण्याचे प्रकार बहुधा याच वेळी होतात. दोराची लांबी चालत्या बोटीवरच ठरते. थोडा सोडत, थोडा ओढत बघा: आपल्या बोटीमागे उठणाऱ्या लाटेच्या उतारावर डिंगी आली की ओढ हलकी होते, चढावर असली की हाताला लगेच जाणवते. हवेची हलकी डिंगी जोरदार वाऱ्यात उलटते. तिचं नाक बोटीच्या मागच्या कठड्यापर्यंत उचलून घट्ट बांधलं, की फक्त शेपटी पाण्यात राहते आणि उलटण्याचा धोका बराच कमी होतो. मागून लाटा येत असतील, तर मात्र ओढत नेणं नकोच. डिंगी घसरत येऊन बोटीला धडका देते, नाहीतर पाण्याने भरून दोर किंवा कडी तोडते. आणि भर लाटांत ती वर घेणं दोघांच्याने होत नाही, म्हणून हा निर्णय निघण्यापूर्वीच घ्यायचा.

पुढच्या डेकवर पालथी ठेवायची, तर डिंगी घेण्याआधी टेप घेऊन डोलकाठी आणि पुढची तार यांच्यामधली जागा मोजा. पुढची झडप उघडते का? तीच संकटातली बाहेर पडायची वाट आहे. नांगरापर्यंत हात पोचतो का? शिडाचे दोर डिंगीच्या कडांना अडतात का? उचलायला रिकामं हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) वापरा, तीन ठिकाणी बांधलेल्या दोराने. जखडताना डेकवरच्या भक्कम कड्यांनाच बांधा. कठड्याचे खांब बाजूने पडणाऱ्या लाटेपुढे टिकत नाहीत.

तुमच्या बोटीला मी गुंडाळता येणारी, पट्ट्यांच्या किंवा हवेच्या तळाची छोटी डिंगी सुचवीन. वीसेक किलोची ती दोघं सहज उचलाल, आणि लांबच्या टप्प्याला गुंडाळून डोलकाठीसमोर बांधाल किंवा खालच्या कप्प्यात टाकाल. फुगवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढा कंटाळा सोसावा लागतो. रोज वल्हवायचं असेल, तर दोन तुकड्यांत सुटून एकमेकांत बसणारी कडक डिंगी फार चांगली. आठ फुटी डिंगी डेकवर जेमतेम साडेचार फूट जागा घेते. फक्त ती पाण्यावर तरंगत असताना तिचे बोल्ट लावायला सवय लागते.

डिंगीच्या इंजिनासाठी बोटीच्या मागच्या कठड्यावर लाकडी फळी बसवून घ्या. दोन-अडीच हॉर्सपॉवरचं पुरेल. ते देता-घेताना मात्र त्याला सुरक्षेचा दोर बांधलेला असू द्या.