दारातली परकी ट्रॉली

प्रश्न: इंग्लंडला मुलाकडे आलेय. कुंपणाशी कुणीतरी सुपरमार्केटची ट्रॉली टाकून गेलंय. एक चाक अडकलेलं, आत भिजलेली पत्रकं. सून म्हणते, हात लावू नका. भंगारात देऊ का?

उत्तर: मुळीच नको, ताई! रस्त्यावर आली तरी ट्रॉली दुकानाचीच. दांड्यावर नाव वाचा, फोटो काढा आणि मुलाला ‘ट्रॉलीवाइज’ अ‍ॅपवर जागा कळवायला सांगा. नाहीतर थेट दुकानात फोन. तिथे ढिम्म हलले नाहीत, तर कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका. १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्यातली तरतूद तिथल्या कौन्सिलने लागू केली असेल, तर ती ट्रॉली उचलते, सहा आठवडे सांभाळते आणि खर्च दुकानाकडून वसूल करते. वाट अडत असेल तर तेवढी बाजूला सरकवा. सूनबाई रागावणार नाहीत. कुंड्या मात्र मांडू नका. (मोह होतो, ठाऊक आहे!)