सांगलीत बारावी कॉमर्स झाली. फॅशन डिझाइन करावं की ॲनिमेशन?

कॉमर्सचा अडसर नाही. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, कोणत्याही शाखेची बारावी चालते. गणित लागतं ते बी.एफ.टेक.ला, म्हणजे कपडे बनवण्याच्या तंत्रज्ञानाच्या पदवीला. महाराष्ट्रातला कॅम्पस खारघरला. चित्रकलेची तयारी सगळेच करतात, अडकतात ते प्रवेशाच्या सिच्युएशन टेस्टला. तिथे दिलेल्या साहित्यातून वस्तू उभी करायची असते. पुठ्ठा, तार, सुतळी घ्या आणि घड्याळ लावून सराव करा.

फॅशन म्हणजे नुसती स्केचेस नव्हेत. पॅटर्न मेकिंग (कापडाच्या कापणीचे साचे बनवणं), मर्चंडायझिंग (ऑर्डर आणि मालाचं नियोजन), क्वालिटी यांतही नोकऱ्या असतात. स्वस्त मांजरपाटावर एक कुर्ता बेतून पाहा. कापडाचा उभा धागा चुकला की धुतल्यावर कपडा पिळवटतो, हे कागदावर कळत नाही. विटा, इचलकरंजीचे माग जवळच आहेत, तेही बघून या. 

ॲनिमेशनची फी मात्र लगेच भरू नका. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आधी चेंडूची उसळी, मग माणसाची चाल जमते का पाहा. शो-रील, म्हणजे आपल्या कामाचा नमुना व्हिडिओ, मिनिटभराचं, सर्वांत चांगला शॉट पहिला. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’वाल्या क्लासकडे गेल्या बॅचची रील मागा; टाळाटाळ झाली तर उठून या. आणि काम बहुतेक पुण्या-मुंबईत, म्हणून खोलीभाडंही हिशेबात धरा.