चाळिशीत काम नकोसं झालंय. करिअर समुपदेशकाकडे जाऊन उपयोग होतो का?

तुम्ही ४१ वर्षांचे, १६ वर्षं आयटी सपोर्टमध्ये, घराचा हप्ता चालू. समुपदेशक नेमकं करतो काय, असं विचारलंय. मी हे काम प्रौढांसोबतच करते, त्यामुळे प्रत्यक्ष क्रम सांगते.

पहिल्या भेटीत मी आवडीनिवडी विचारत नाही, दोन आठवड्यांची नोंद ठेवायला सांगते. रोज संध्याकाळी पाच मिनिटं: कोणती कामं केली, किती वेळ गेला, आणि नंतर तरतरी वाटली की जीव शिणला. तरतरीला अधिक, शिणण्याला वजा. 'मीटिंग' असं मोघम लिहायचं नाही. 'क्लायंटला बिघाड समजावला', 'रात्री दोनचा कॉल घेतला' असं लिहायचं. १४ दिवसांनी बऱ्याचदा दिसतं की आख्खं क्षेत्र नकोसं झालेलं नाही. नडतेय ती रात्रपाळी, एखादा वरिष्ठ किंवा रोजचा दीड तासाचा प्रवास. मग टीम किंवा कंपनी बदलून भागतं. सगळ्यापुढेच वजा असेल, सुट्टीतही झोप आणि भूक बिघडलेली असेल, तर करिअरचा निर्णय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत सरकारी नंबरवर मराठीतही बोलता येतं.

चाचण्यांवर फार विसंबू नका. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांच्या आवडींच्या सहा प्रकारांवर बेतलेली, ओ-नेट या अमेरिकी सरकारी संकेतस्थळाची ६० प्रश्नांची चाचणी इंटरनेटवर फुकट आहे. बोलायला धागा म्हणून ती बरी, पण तिच्यातली व्यवसायांची यादी अमेरिकेतली. बोटांच्या ठशांवरून कल सांगणाऱ्या डीएमआयटीला मात्र शास्त्रीय आधारच नाही. ती गळ्यात मारणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

यापुढे खरं काम सुरू होतं. क्षेत्र आणि भूमिका दोन्ही एकदम बदलल्या की पगार धाडकन उतरतो, कारण जुन्या अनुभवाला तिथे कुणी किंमत देत नाही. एक धरून दुसरं बदला. समजा, 'नव्या मुलांना काम शिकवलं' यापुढे सतत अधिक आलाय. लगेच 'मला शिक्षक व्हायचंय' म्हणू नका. शाळेची वाट लांबची: बी.एड.ची दोन वर्षं, मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, आणि पवित्र या सरकारी पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी टेट ही वेगळी अभियोग्यता चाचणी. तुमच्याच कंपनीत नव्या लोकांचं प्रशिक्षण मागून घेणं हे शिकवणंच आहे, आणि ते पुढच्या महिन्यात सुरू होऊ शकतं. या दोन टोकांच्या मध्ये खासगी क्लास, कॉलेजातली तासिका, प्रशिक्षणाचं साहित्य लिहिणं अशा पाचसहा जागा निघतात.

त्यातल्या दोन निवडा आणि प्रत्येकीतल्या किमान चार माणसांना भेटा. 'हे क्षेत्र कसं आहे?' विचारलंत तर भाषण ऐकायला मिळेल. 'काल सकाळी दहा ते एक काय केलंत?', 'पहिल्या वर्षी हातात किती आले?' असं विचारा. चारांपैकी एक जण ते काम सोडून गेलेला हवा. टिकलेल्यांकडूनच माहिती घेतली की चित्र हमखास गोड दिसतं. नंतर आठ शनिवार ते काम करून बघा. पैसे घेणार असाल तर आधी नियुक्तीपत्रातलं बाहेरच्या कामाबद्दलचं कलम वाचा.

हिशेब अंदाजाने नको, बँकेच्या १२ महिन्यांच्या स्टेटमेंटवरून करा. शाळेची फी, विम्याचे हप्ते, सोसायटीचा मेंटेनन्स, दिवाळी हे वार्षिक खर्च लोक विसरतात आणि सहा महिने पुरेल वाटलेली शिल्लक चारच महिन्यांत संपते. हिशेबाच्या भेटीला जोडीदार सोबत हवाच. एकट्याने ठरवलेला बेत पहिला कमी पगार घरात आला की मोडतो.

राजीनामा देण्याआधी तीन गोष्टी. सध्याच्या कंपनीत सलग पाच वर्षं भरायला थोडेच महिने उरले असतील तर थांबा, नाहीतर ग्रॅच्युइटी जाईल. कंपनीचा आरोग्यविमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःची पॉलिसी आत्ताच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कर्जाची फेररचना किंवा टॉप-अप हवं असेल तर तेही पगाराची स्लिप हातात असतानाच उरका. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याकडे बँका बहुधा दोनतीन वर्षांची विवरणपत्रं मागतात, आणि नव्याने सुरू केलेल्याकडे ती नसतातच.