टर्की पक्ष्याच्या शिकारीसाठी १२ बोअरच्या बंदुकीला कोणता चोक (नळीच्या तोंडाशी छर्रे आवळणारा भाग) आणि टंगस्टनचे कितव्या नंबरचे छर्रे घ्यावेत?

अमेरिकेतल्या स्प्रिंग सीझनसाठी विचारताय, तर ९ नंबरचं टीएसएस, म्हणजे टंगस्टन सुपर शॉट, घ्या. टंगस्टनची घनता १८च्या आसपास, शिशाची ११. म्हणून ९ नंबरचा बारीक दाणाही शिशाच्या ५ नंबरइतका आत शिरतो, आणि एका औंसात साधारण ३६० दाणे बसतात. नेम डोक्यामानेवर धरायचा असल्याने दाण्यांची संख्याच कामाला येते.

चोक ०.६६५ इंचापासून सुरू करा. जितका घट्ट तितका चांगला, हा समज सोडा. फार आवळला की पॅटर्न, म्हणजे छर्र्यांचा पसारा, उलट फाटतो. टंगस्टन कडक असतं, त्यामुळे चोक बनवणाऱ्याने टीएसएसला परवानगी दिली आहे ना, ते आधी वाचा.

मग कागदावर मारून बघाच. ४० यार्डांवर १० इंची वर्तुळात १०० दाणे हा जुना मापदंड. टीएसएस तो सहज ओलांडतं. पण १५ यार्डांवरही एक बार काढा. तिथे सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात आणि जवळ आलेला पक्षी सहज चुकू शकतो. लाल ठिपक्याची साइट इथे फार उपयोगी पडते. छर्र्यांच्या आकारावर राज्यागणिक वेगळे नियम आहेत, काडतुसं महाग आहेत, तेव्हा नियम बघूनच खरेदी करा.