एकट्याने आरव्ही आणि सायकल घेऊन डोंगरात आठ-दहा दिवस फिरायचं असेल तर तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की छोटी आरव्ही (आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) आहे, मागे सायकल लावून डोंगरात एकट्याने आठ-दहा दिवस राहायचं आहे आणि जमेल तेवढी सायकलही चालवायची आहे. गाडीत काय काय हवं आणि बेत कसा आखावा, असा प्रश्न आहे. सामानाच्या याद्या भरपूर मिळतात, त्यामुळे मी त्या मागे ठेवतो. आधी एवढं पक्कं करा की तुमच्याबरोबर दुसरा ड्रायव्हर नाही. दोघं असले की एक जण सायकलने खिंड चढतो आणि दुसरा गाडी पलीकडे नेऊन ठेवतो. एकट्याला रोज गाडीपाशीच परत यावं लागतं, आणि तब्येत बिघडली तरी गाडी घाटातून खाली आणणारे तुम्हीच. मार्ग, मुक्कामाची उंची, वजन, वीज हे सगळं यावरून ठरतं.

म्हणून रोज नवा मुक्काम करू नका. दहा दिवसांत तीन मुक्काम, प्रत्येक ठिकाणी तीन रात्री, हे एकट्याला झेपतं. ज्या दिवशी घाटात गाडी चालवायची त्या दिवशी सायकल नाही. घाटात तीन-चार तास गाडी हाकून वर दुपारी चढ मारायला निघालं की संध्याकाळच्या उतारावर लक्ष उडतं, आणि तेव्हा मागून बघणारं कुणी नसतं.

गाडी शक्यतो चढाच्या पायथ्याशी लावा. ताजेतवाने असताना चढायचं, दमल्यावर उतरत घरी. खिंडीत गाडी लावली तर दिवसाच्या शेवटी, पाय संपलेले असताना आणि हवा बिघडत असताना चढ येतो. डोंगरात दुपारनंतर ढग जमून विजा होणं नेहमीचं आहे, त्यामुळे माथा दुपारच्या आत ओलांडून खाली लागायचं हे धरूनच निघायची वेळ ठरवा. दरीतल्या सपाट रस्त्याचा हिशोब थोडा वेगळा आहे. हवा स्थिर असेल तर दिवसा, विशेषतः दुपारी, वारा दरीतून वरच्या अंगाला वाहतो आणि रात्री ते पहाटे उलट. त्या दिवशी सकाळी खालच्या अंगाला जाऊन दुपारी वर परतलात तर दोन्ही वेळा वारा पाठीशी मिळतो.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, उभ्या चढाईत मोजा. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. ८ टक्के चढावर ताशी ७ किलोमीटरने जायला साधारण १५० वॅट लागतात आणि तासाला साडेपाचशे मीटर उंची मिळते. हा वेग कमावलेल्या पायांचा. बेत आखताना ४०० धरा, म्हणजे १२०० मीटरच्या खिंडीला तीन तास, शिवाय थांबे. गिअरचंही गणित याच आकड्यांवरून निघतं. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असतील तर ताशी ७ किलोमीटरला पायडल मिनिटाला ५५ फेरेच होतात, आणि तासभर तसं रेटलं की गुडघे बोलायला लागतात. पुढे ३२, मागे ४० केलं की त्याच वेगाला ७० फेरे होतात. सायकलवर एकच खर्च करायचा असेल तर तो मागच्या मोठ्या कॅसेटवर (दातेरी चक्रांच्या संचावर) करा. मात्र सध्याचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तेवढे दाते पेलतो का ते आधी बघा, नाहीतर डिरेलरही बदलावा लागेल.

उंचीबद्दल आरव्हीवाले हमखास फसतात. पायी किंवा सायकलने चढणारा माणूस आपोआप हळू वर जातो, पण गाडी एका दुपारीत दोन हजार मीटर चढवते आणि रात्री तिथेच झोपायला जागाही देते. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा गिर्यारोहणातला सर्वमान्य नियम इथेही लागू आहे. दिवसा सायकलने कितीही वर जाऊन या, झोपायला खाली या. डोकेदुखीबरोबर मळमळ, भूक मरणं किंवा चक्कर यातलं काही आलं तर आणखी वर जायचं नाही. लक्षणं वाढत असतील तर खाली उतरायचं, आणि ३०० ते १००० मीटर उतरल्यावर बहुधा फरक पडतो. सरळ रेषेत पाऊल टाकता येईना किंवा गोंधळल्यासारखं होऊ लागलं तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असू शकते, आणि अशा अवस्थेत घाटात गाडी चालवणं म्हणजे दुसरा धोका. त्या वेळी मदतच बोलवावी लागते. त्यामुळे एकट्या माणसाने उतरायचा निर्णय डोकेदुखीच्या टप्प्यावरच, उजेड असताना घ्यावा. ‘सकाळी बघू’ इथे चालत नाही.

आता वजन. गाडीच्या कागदावर कमाल वजन असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं तेवढंच तुमचं, आणि छोट्या आरव्हीत ते फार नसतं. पाणी लिटरला एक किलो, म्हणजे भरलेली १०० लिटरची टाकी हे एक क्विंटल. निघण्याआधी पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या आणि पुढचा-मागचा अ‍ॅक्सल (चाकांच्या जोडीचा आस) वेगवेगळा तोलून घ्या. एकूण वजन बसतं पण मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर जातो, असं पुष्कळदा दिसतं. कारण मागचा सायकल-रॅक तरफेसारखं काम करतो. रॅक आणि ई-बाइक मिळून ४० किलो, ते मागच्या चाकांच्या दोन मीटर मागे आणि पुढच्या-मागच्या चाकांत चार मीटर अंतर असेल, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ४० नव्हे, ६० किलो वाढतात आणि पुढचा २० किलोने हलका होतो. गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी असेल तर ओल्या चढावर चाकं तिथेच फिरतात. अवजारं, डबाबंद अन्न, पाण्याचे कॅन अशा जड वस्तू दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आणि खाली ठेवा.

रॅकबद्दल आणखी थोडं, कारण नुकसान इथेच होतं. घाटाच्या आवळ वळणावर गाडीची शेपूट बाहेरच्या बाजूला फिरते आणि रॅकमुळे ती लांबलेली असते, त्यामुळे कठड्याला घासणारी पहिली वस्तू सायकलचं हँडल. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून शेपूट किती बाहेर जाते ते एकदा बघून घ्या. धुराची नळी चाकाच्या रोखाने असेल तर टायर आणि कार्बन रिम दोन्ही जळतात, तेव्हा तोंड वळवा किंवा सायकल उलटी लावा. कार्बनच्या फ्रेमला क्लॅम्प लावू नका, चाकांवर पकडणारा रॅक घ्या. ई-बाइकची बॅटरी काढून गाडीत ठेवा. नंबर प्लेट किंवा दिवे झाकले जात असतील तर मागे वेगळा दिव्यांचा बोर्ड लागतो. आणि पट्टे पहिल्या वीस किलोमीटरनंतर परत आवळा, ते हमखास सैल झालेले असतात. सायकल आतच ठेवत असाल तर चाक काढल्यावर डिस्क-ब्रेकच्या पॅडमध्ये स्पेसर (पातळ पट्टी) घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात आणि चाक आत जात नाही.

घाट उतरताना साडेतीन टनांची गाडी १००० मीटर खाली आणणं म्हणजे साधारण ३४ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवणं. एवढ्या उष्णतेत १०० लिटर पाणी उकळेल. ती उष्णता एकट्या ब्रेकवर टाकलीत तर ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल तळाला जातं. डॉट-४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि ओलं झाल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. दोन वर्षं बदललं नसेल तर निघण्याआधी बदला. उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्या, ऑटोमॅटिकमध्येही हाताने. ब्रेक सतत दाबून ठेवू नका: ठरवलेला वेग ओलांडला की ठाम दाबा, दहाएक किलोमीटरने वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. जळका वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, पण हँडब्रेक ओढू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना पाचर लावा. चढताना उलट काळजी. टर्बो नसलेल्या एंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, म्हणून ओव्हरटेक करताना खालचा अंदाज वर वापरू नका.

विजेचा हिशोब कागदावर करा. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे सुमारे १२८० वॅट-अवर. कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३०० ते ५०० वॅट-अवर खातो, दिवे-फोन-पंप मिळून शंभरेक. ई-बाइकची ५०० ची बॅटरी इन्व्हर्टरमधून भरताना ६०० च्या आसपास जातात. म्हणजे रोज ई-बाइक चालवलीत तर एका दिवसात बॅटरी तळाला. छतावरचं २०० वॅटचं पॅनल उघड्या जागी दिवसाला ६००-७०० देतं, पण अरुंद दरीत ऊन उशिरा येतं, लवकर जातं आणि आकडा निम्म्यावर येतो. तीन रात्री एकाच जागी राहायचं तर साधी सायकल घ्या किंवा चार्जिंगची सोय असलेला कॅम्प बघा. एक तक्रार सारखी ऐकू येते: सकाळी पॅनलवर लख्ख ऊन आहे आणि चार्जिंग शून्य. पॅनल बिघडलेलं नसतं. शून्य अंशाखाली लिथियम सेल चार्ज केले तर कायमचे खराब होतात, म्हणून बॅटरीचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) चार्जिंग बंद ठेवतो. बॅटरी राहत्या भागात ठेवा, नाहीतर हीटिंग-पॅडवाली घ्या.

गॅस प्रोपेनचाच हवा. ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं. मिश्र गॅसच्या उभ्या कॅनमधून प्रोपेन आधी उडून जातं आणि उरतं ब्यूटेन, म्हणून अर्धा कॅन शिल्लक असूनही पहाटे शेगडी पेटत नाही. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपास उकळतं. डाळ-तांदळाला तिथे कुकरशिवाय उपाय नाही.

डिझेल हीटर असेल तर पेटताना तो काही मिनिटं ८-१० अँपिअर ओढतो. बॅटरी उतरलेली असली की तो नेमका पहाटे पेटत नाही. विरळ हवेत इंधन पूर्ण जळत नाही आणि काजळी साचते. उंचीनुसार इंधन कमी करणारी सोय हीटरला आहे का पाहा, आणि रोज पंधरा-वीस मिनिटं तो पूर्ण जोरात चालवा. शेगडी पेटवून गाडी गरम करणं मात्र कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ, डोक्याच्या उंचीला लावा. गॅस गळतीचा अलार्म जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. एकट्याला उठवायला दुसरं कुणी नाही, त्यामुळे या दोन अलार्मवर काटकसर करू नका.

मुक्कामाची जागा दिवसाउजेडी निवडा. कोरड्या ओढ्यात नाही, दगड सुटलेला उतार किंवा वाळकी फांदी यांच्याखाली नाही. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे ठेवा, म्हणजे रात्री निघावं लागलं तर मागे घेण्याचे सोपस्कार नकोत. कडाक्याची थंडी असेल तर नळ उघडे ठेवून पंप आणि पाइप रिकामे करा.

सायकलवर अंगाबरोबर काय असावं: दोन ट्यूब, पंप, टायरच्या आतून लावायला ठिगळ, चेनब्रेकरसह मल्टिटूल, तुमच्या चेनच्या मापाची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी), तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा; एकाचा दुसऱ्याला बसत नाही) आणि ब्रेक पॅडची एक जोडी. ओल्या, मातीच्या लांब उतारावर रेझिन (राळेचे मऊ) पॅड एका दिवसातही संपू शकतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड उष्णता जास्त सोसतात, पण रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) ‘फक्त रेझिन’ असं लिहिलेलं असेल तर ते लावू नका. वर पोचल्यावर घाम सुकायच्या आत वाराबंद जॅकेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला ते कळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी आणि ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, भूक लागायची वाट न बघता.

फोनला रेंज नसेल हे धरून चाला. सॅटेलाइट मेसेंजर (उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र) घ्या, आणि तो गाडीत नव्हे, अंगावर. सायकलच्या पिशवीतही नको, कारण पडलात तर सायकल दरीत आणि तुम्ही रस्त्यावर असं होऊ शकतं. घरच्या एका माणसाला रोजचा मार्ग आणि दोन ठरलेल्या वेळा द्या. संध्याकाळी सहापर्यंत निरोप आला नाही तर संपर्क करून बघायचा, आठपर्यंत नाही तर बचाव पथकाला फोन करायचा. त्या भागाच्या बचाव पथकाचा नंबर, गाडीचा नंबर आणि गाडी उभी असलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश घरच्या त्या माणसाकडे लिहून असू द्या. मार्गाची चिठ्ठी काचेवर चिकटवू नका, गाडी किती तास रिकामी आहे हे चोरालाही कळतं. ती आत टेबलावर ठेवा. चावी चेन लावलेल्या खिशात, आणि दुसरी चावी गाडीबाहेर आकड्यांच्या कुलपाच्या पेटीत. इमोबिलायझरची (चिप ओळखल्याशिवाय एंजिन सुरू न होऊ देणारी) चावी असेल तर पेटीतली चावीही चिप असलेलीच हवी, नुसती कापून घेतलेली चावी दार उघडेल पण एंजिन सुरू होणार नाही.