तणविज्ञानाची संस्था चालवताना : वाचकांची विचारणा

पिकांतील तणांवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत एक गोष्ट लक्षवेधी होती. कोणते तणनाशक कधी फवारावे, एवढेच न विचारता या विषयाची व्यावसायिक शास्त्रीय संस्था कशी चालते आणि कशी चालावी, असेही अनेकांनी विचारले आहे. त्यातील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी कृषिविद्या विषयात आचार्य पदवीसाठी संशोधन करतो. कृषिविद्या, कीटकशास्त्र आणि मृदाशास्त्र यांच्या संस्था असताना तणांसाठी स्वतंत्र संस्था कशासाठी? (एक संशोधक विद्यार्थी, अकोला)

उत्तर : तणांचा प्रश्न या सर्व शाखांच्या सीमेवर पडतो आणि म्हणून तो कोणाचाच राहत नाही, हे स्वतंत्र संस्थेचे पहिले कारण आहे. कीड किंवा रोग अचानक येतो आणि त्याची बातमी होते. तणे मात्र प्रत्येक शेतात प्रत्येक हंगामात असतात, त्यामुळे ती शास्त्राचा विषय न वाटता निंदणीच्या मजुरीचा विषय वाटतात. प्रत्यक्षात लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत कशा टिकतात हे सांगणारा वनस्पतिशास्त्रज्ञ, तणनाशकाचे अवशेष मोजणारा रसायनशास्त्रज्ञ, गाजर गवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्याचा अभ्यास करणारा कीटकशास्त्रज्ञ आणि कोळपे सुधारणारा अभियंता हे एकत्र बसल्याशिवाय तणाचे पूर्ण चित्र उभे राहत नाही.

अमेरिकेतील राष्ट्रीय तणविज्ञान संस्था १९५६ मध्ये आणि भारतीय तणविज्ञान संस्था १९६८ मध्ये स्थापन झाली. भारतीय संस्थेचे ‘इंडियन जर्नल ऑफ वीड सायन्स’ हे नियतकालिक १९६९ पासून निघत आहे आणि तिचे कार्यालय जबलपूर येथे आहे. तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७८ मध्ये सुरू झाला आणि जबलपूरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र, म्हणजे आजचे तण संशोधन संचालनालय, १९८९ मध्ये स्थापन झाले. शासकीय यंत्रणेच्या आधी शास्त्रज्ञांची संस्था उभी होती, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

अशा संस्थेचा खरा उपयोग संकटाच्या वेळी कळतो. हरियाणा आणि पंजाबमध्ये भात-गहू पीकपद्धतीत गव्हातील गुल्ली डंडा या तणावर वर्षानुवर्षे आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक फवारले गेले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते निष्प्रभ ठरू लागले. एखाद्या शेतात तणनाशक लागू पडले नाही, तर माल भेसळीचा होता, पंपाचा नोझल खराब होता किंवा वेळ चुकली, अशीच शंका आधी येते. तण प्रतिकारक झाले आहे असा निष्कर्ष काढायचा तर अनेक ठिकाणचे बी गोळा करून त्यावर वेगवेगळ्या मात्रांच्या चाचण्या कराव्या लागतात आणि तो निष्कर्ष समव्यवसायी शास्त्रज्ञांपुढे तपासणीला ठेवावा लागतो. ही तपासणीची जागा उपलब्ध करून देणे, हे संस्थेचे काम आहे.

प्रश्न : आम्ही काही प्राध्यापक महाराष्ट्रासाठी स्वतंत्र तणविज्ञान संस्था काढण्याच्या विचारात आहोत. नोंदणी कशी करावी आणि आजीव सदस्यत्वाची वर्गणी किती ठेवावी? (एक सहायक प्राध्यापक, परभणी)

उत्तर : नोंदणी हा यातील सोपा भाग आहे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० नुसार किमान सात सदस्य, संस्थेचे उद्देशपत्र आणि नियमावली लागते. महाराष्ट्रात अशा संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून १९५० च्या कायद्याखालीही नोंदणी होते, म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाशी संबंध कायमचा जडतो. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अहवाल दाखल करावा लागतो आणि दरवर्षी हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. शास्त्रज्ञ मंडळी याच ठिकाणी कमी पडतात. बदल अहवाल वेळेत न दिल्याने पुढील कार्यकारिणीच्या अधिकारावरच प्रश्न उपस्थित होतो, बँकेतील सह्या बदलत नाहीत आणि पैसा असूनही परिषद भरवता येत नाही. संस्था काढण्यापूर्वी हे काम वर्षानुवर्षे सांभाळणारा एक चिटणीस आणि एक कोषाध्यक्ष आपल्याकडे आहे का, हे आधी पाहावे. नसेल तर राष्ट्रीय संस्थेचे सदस्य राहून विद्यापीठ पातळीवर नियमित चर्चासत्रे घेणे अधिक हिताचे ठरेल.

वर्गणीचा आकडा मी सुचवणार नाही, परंतु आजीव वर्गणीचा धोका सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडील अनेक शास्त्रीय संस्था आजीव सदस्यांवर उभ्या असतात. एकदा घेतलेली रक्कम मुदतठेवीत जाते, व्याजावर नियतकालिक चालते, आणि पुढे छपाई, टपाल, संकेतस्थळ व कर्मचाऱ्यांचा खर्च वाढत जातो, व्याज मात्र त्या गतीने वाढत नाही. शिवाय आजीव सदस्यांच्या यादीत निवृत्त, पत्ता बदललेले आणि दिवंगत सदस्य साचत जातात, त्यामुळे कागदावर संस्था मोठी दिसते आणि निवडणुकीत मतदान करणारे मूठभर असतात. आजीव वर्गणी घ्यायचीच असेल तर ती संपूर्णपणे कायम निधीत ठेवावी, तिला हात लावण्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव अनिवार्य करावा आणि सदस्य यादी दर तीन वर्षांनी पडताळावी. विद्यार्थ्यांसाठी स्वस्त वार्षिक सदस्यत्व ठेवावे, कारण आजचा विद्यार्थीच उद्याचा परीक्षक आणि संपादक आहे.

निवडणुकीबाबत माझे मत स्पष्ट आहे. अध्यक्षपद आणि सचिवपद यांना सलग दोन कार्यकाळांची मर्यादा नियमावलीतच असावी. एकाच विद्यापीठाकडे सर्व पदे जाणार नाहीत अशीही तरतूद असावी, अन्यथा कोकणातील भातशेतीच्या तणांचा आवाज विदर्भातील सोयाबीनखाली दबून जातो, किंवा उलट होते.

प्रश्न : तणनाशक कंपन्यांनी परिषदेचा खर्च उचलला तर बिघडले कोठे? शास्त्रज्ञांना तसेही अनुदान मिळत नाही. (एक कृषी अधिकारी, जळगाव)

उत्तर : प्रश्न प्रामाणिक आहे. तणविज्ञानात रसायन उद्योगाशी संबंध अटळ आहे, कारण नवे तणनाशक शेतात आणण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात, त्या चाचण्यांसाठी पैसा लागतो आणि कंपन्यांमध्ये काम करणारे अनेक उत्तम शास्त्रज्ञ संस्थेचे सदस्यही असतात. त्यांना दूर ठेवणे चुकीचे होईल. मात्र संस्थेची एकमेव ठेव म्हणजे तिच्या शब्दावरचा विश्वास आहे आणि तो शब्द प्रायोजकाच्या सोयीने बदलतो अशी शंका एकदा निर्माण झाली, की पुढे संस्थेने खरे सांगितले तरी ते ऐकले जात नाही. गुल्ली डंड्याच्या प्रकरणात तणनाशक निकामी झाले आहे असे सांगणे विकणाऱ्यांना सोयीचे नव्हते, आणि तरीही ते सांगणे हेच शास्त्राचे कर्तव्य होते.

म्हणून पैसा उघडपणे घ्यावा आणि निर्णय वेगळ्या हातात ठेवावेत. प्रायोजकत्वाच्या बदल्यात व्याख्यानाचा वेळ, पुरस्काराच्या निवड समितीतील जागा किंवा नियतकालिकातील लेख देऊ नये. परिषदेच्या एकूण खर्चापैकी एकाच प्रायोजकाकडून किती वाटा घेता येईल याची कमाल मर्यादा कार्यकारिणीने आधीच ठरवावी, प्रायोजक शोधू लागल्यानंतर ठरवू नये. कोणाकडून किती रक्कम आली हे वार्षिक अहवालात नाव व आकड्यासह छापावे. प्रत्येक शोधनिबंधाखाली चाचणीचा खर्च कोणी केला हे लेखकाने लिहावे, आणि संपादक मंडळातील ज्या सदस्याचा त्या कंपनीशी आर्थिक संबंध आहे त्याने त्या निबंधापासून दूर राहावे. या नियमांमुळे काही प्रायोजक नाराज होतील, पण जे राहतील ते संस्थेचा आदर करणारे असतील.

संस्थेच्या अधिकाराची मर्यादाही येथे लक्षात ठेवावी लागते. भारतात तणनाशकांची नोंदणी कीटकनाशक अधिनियम, १९६८ नुसार केंद्रीय यंत्रणा करते, तर महाराष्ट्रातील चार कृषी विद्यापीठांच्या शिफारशी संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या बैठकीत ठरतात. शास्त्रीय संस्था यांपैकी काहीच करत नाही. ती पुरावा तपासते आणि मत देते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. अशा वेळी सदस्यांमध्ये तीव्र मतभेद असणे स्वाभाविक असते. अध्यक्षांनी वैयक्तिक पत्रक काढून संस्थेचे मत जाहीर करणे हा त्यावरचा सर्वांत वाईट मार्ग आहे. लहान समितीने पुरावे एकत्र करावेत, मसुदा सदस्यांना पाठवावा आणि असहमती असल्यास तीही निवेदनात नोंदवावी. अल्पमत छापले म्हणून संस्था दुबळी होत नाही.

प्रश्न : आमचा शोधनिबंध बरेच महिने पडून राहिला आणि परत आला. परीक्षक खरोखर काय पाहतात? (दोन वाचकांनी हा प्रश्न विचारला आहे.)

उत्तर : उशीर होतो ही तक्रार योग्य आहे. परीक्षकाचे काम विनामूल्य असते आणि चांगले परीक्षक मोजकेच असल्यामुळे त्याच त्या व्यक्तींकडे निबंध जातात. प्रकाशित झालेल्या प्रत्येक लेखकाने वर्षातून दोन निबंध तपासून द्यावेत अशी अट घातल्यास हा भार बराच हलका होईल.

परत येण्याची कारणे मात्र बहुतेक वेळा निबंधातच असतात. तणनियंत्रणाच्या प्रयोगात निंदणी न केलेला आणि पूर्ण तणमुक्त ठेवलेला असे दोन्ही तुलनात्मक वाफे असावे लागतात. अनेक निबंधांत दुसरा नसतो, आणि मग उत्पादनातील घट कशाशी ताडून पाहायची हेच कळत नाही. चौरस मीटरमधील तणांची संख्या देताना प्रजातीनिहाय मोजणी न करता ‘रुंद पानांची तणे’ एवढ्यावर काम भागवले जाते, त्यामुळे केना वाचला की माठ, हे समजत नाही. मोजणीच्या आकड्यांमध्ये शून्ये बरीच असतात आणि वाफ्यावाफ्यांत मोठा फरक असतो, म्हणून विश्लेषणापूर्वी वर्गमूळ रूपांतर करण्याची, म्हणजे आकड्यांऐवजी त्यांची वर्गमुळे घेण्याची, पद्धत आहे. ते केले नाही, किंवा केले आणि मूळ आकडे दिलेच नाहीत, तर परीक्षक अडतो. एकाच हंगामाच्या आकडेवारीवर सर्वसाधारण शिफारस करणे ही तर नेहमीची चूक आहे, कारण पाऊस उशिरा आला तर उगवणपूर्व तणनाशकाचा परिणामच बदलतो. सोयाबीनमधील तणनाशकाचा मागून घेतलेल्या रब्बी पिकावर काय परिणाम झाला, याची नोंद असणारा निबंध मी स्वतः नेहमी वरच्या प्रतीचा मानतो.

याच शिस्तीने गोळा केलेल्या आकड्यांचे मोल मोठे असते. समन्वित प्रकल्पातील शेतकऱ्यांच्या शेतावरील दीड हजारांहून अधिक चाचण्यांच्या आधारे जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये दहा प्रमुख पिकांतील तणांमुळे होणारे नुकसान वर्षाला सुमारे ११ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. एकेका वाफ्यातील मोजणी निष्काळजीपणे केली असती, तर हा आकडा उभाच राहिला नसता.

प्रश्न : शेतकरी अशा संस्थेचा सदस्य होऊ शकतो का? (एक शेतकरी, संगमनेर)

उत्तर : संस्थेच्या नियमावलीत तशी तरतूद असेल तर होऊ शकतो आणि ती असायलाच हवी. गाजर गवताची नोंद पुण्यात १९५५ च्या सुमारास झाली आणि ते देशभर पसरले. त्याविरुद्ध दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात जागृती सप्ताह पाळला जातो, तो शेतकरी, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्याशिवाय होऊच शकत नाही. त्याहून मोठे कारण असे, की आपल्याकडे निंदणी-खुरपणी प्रामुख्याने स्त्रिया करतात. तणनाशकाची शिफारस झाली की त्यांच्या हंगामी रोजगारावर आणि त्यांच्या कंबरेच्या दुखण्यावर, दोन्हींवर परिणाम होतो. हा परिणाम मोजणारे संशोधन फार थोडे आहे आणि ते शहरात बसून होणार नाही. राज्य पातळीवरील संस्था निघालीच तर तिच्या वार्षिक परिषदेत एक सत्र खुरपणी करणाऱ्या स्त्रियांचे आणि अल्पभूधारकांचे असावे, त्यांच्याकडून प्रवासखर्च व नोंदणी शुल्क घेऊ नये, आणि नियतकालिकातील प्रत्येक निबंधाचा मराठी सारांश पुढच्या पेरणीच्या आधी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कार्यकारिणीतील एका सदस्यावर नावानिशी सोपवावी.