आइल ऑफ मॅनवर गेमिंग कंपनीत नोकरी घेण्याआधी

ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधलं बेट आइल ऑफ मॅन, त्याची राजधानी डग्लस. तिथल्या ऑनलाइन गेमिंग, म्हणजे ऑनलाइन जुगाराच्या, कंपनीकडून तुम्हाला कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का हे पाहण्याच्या, कामाची ऑफर आली आहे. हे कायदेशीर आहे का आणि घरच्यांना काय सांगायचं, असं तुम्ही विचारलंत. मी इथे याच क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काम पूर्ण कायदेशीर आहे. हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीत असलं तरी युनायटेड किंगडमचा भाग नाही. टिनवाल्ड ही इथली स्वतःची संसद, कायदेही स्वतःचे. ऑनलाइन जुगाराचा कायदा 2001 चा, परवाने गॅम्बलिंग सुपरव्हिजन कमिशन देतं. व्हिसाही इथलाच लागेल, ब्रिटनच्या वर्क व्हिसावर इथे नोकरी करता येत नाही.

इथली मला सगळ्यात मोलाची वाटणारी अट म्हणजे खेळाडूंचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे, सुरक्षित ठेवायचे. 2011 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेने पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या बड्या साइट्सवर कारवाई केली. त्यातल्या, इथला परवाना असलेल्या पोकरस्टार्सने अमेरिकी खेळाडूंचे पैसे थोड्याच दिवसांत द्यायला सुरुवात केली. ऑल्डर्नी या दुसऱ्या बेटाचा परवाना असलेल्या फुल टिल्ट या साइटकडे मात्र द्यायला पुरेसे पैसेच नव्हते, लोक वर्षानुवर्षं अडकले. तेव्हा नुसता ‘परवाना आहे’ ऐकून थांबू नका. कुठला, कोणत्या अटींवर, ते बघा.

रोजचं काम म्हणाल तर खेळाडूंनी पाठवलेला पासपोर्टचा फोटो, पत्त्यासाठी विजेचं बिल, आणि रक्कम मोठी असेल तर पगाराची स्लिप किंवा बँक स्टेटमेंट तपासायचं. बिलावरचा पत्ता जुळतो, पण पगार वीस हजार आणि लावलेले पैसे लाखांत, अशी फाइल समोर आली की तिथेच थांबायचं. काळा पैसा इथेच सापडतो. घरच्यांना सरळ सांगा, कंपनी जुगाराचीच आहे आणि तिथे नियम पाळले जातात की नाही हे पाहणं माझं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंपनी भारतातल्या लोकांकडून पैसे लावून घेते का, हे सही करण्याआधी लेखी विचारा. ऑगस्ट 2025 मध्ये भारताने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी घातली. परदेशातून भारतात असे खेळ चालवणाऱ्यांनाही तो कायदा लागू आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. इथला परवाना तिथे उपयोगी पडत नाही. गणपतीला घरी निघताना मनात धाकधूक कशाला? उत्तर गोलमोल आलं तर पगार कितीही असो, ती ऑफर नाकारा.